मदत हवी आहे: पीटी४११५ ड्रायव्हरमधून ६६० ऐवजी ३८० मिलीअँपच का मिळतात?

मंडळी, जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गावातल्या अभ्यासिकेत संध्याकाळी वीज गेली की पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची तयारी करणारी मुलं मोबाइलच्या टॉर्चवर वाचत बसतात. सौर पॅनेल आणि १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी तिथे आधीपासून आहे, म्हणून त्यावर चार टेबलांसाठी चार दिवे बनवले. प्रत्येक दिव्यात ३ वॅटचे तीन पांढरे एलईडी सिरीजमध्ये, चांगल्या हीटसिंकवर. ड्रायव्हर (एलईडीचा करंट ठरावीक ठेवणारा आयसी) पीटी४११५, करंट मोजण्यासाठीचा सेन्स रेझिस्टर ०.१५ ओहम, कॉइल ६८ मायक्रोहेन्री, डायोड एसएस३४, डिम (उजेड कमी-जास्त करायची) पिन मोकळी. कुणी बॅटरीला वायर उलटी जोडली तर बोर्ड जळू नये म्हणून प्रत्येक दिव्याच्या इनपुटला १एन४००७ डायोडही टाकला आहे.

डेटाशीटच्या सूत्राने ०.१ भागिले ०.१५, म्हणजे साधारण ६६० मिलीअँप मिळायला हवेत. घरी १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर एकेक दिवा तपासला तेव्हा तेवढे मिळतही होते. अभ्यासिकेत चारही दिवे लावले की मात्र प्रत्येकात ३८०च्या आसपास. दुपारी पॅनेल चार्ज करत असताना बॅटरीवर १३.२ व्होल्ट असतात, तेव्हा तेच दिवे ५५०पर्यंत जातात. रात्री बॅटरीच्या टर्मिनलवर ११.९ दिसतात.

एका दिव्यात सेन्स रेझिस्टर बदलून ०.१३ लावून पाहिला, करंट जवळपास तेवढाच राहिला. कॉइल दुसऱ्या बोर्डवरची लावली, काही फरक नाही. आयसी बनावट असेल का? की कॉइल सॅच्युरेट होत असेल (गाभा चुंबकीय मर्यादेला पोचत असेल)?

प्रतिसाद १
आयसीला दोष देऊ नका. रेझिस्टर बदलूनही करंट हलला नाही, याचा अर्थ आयसी करंट नियंत्रित करतच नाहीये. पीटी४११५ सेन्स रेझिस्टरवरचा व्होल्टेज बघतो. तो वरच्या मर्यादेला, म्हणजे ११५ मिलीव्होल्टच्या आसपास पोचला की आतला स्विच बंद, ८५ला उतरला की पुन्हा चालू; सरासरी १००. इनपुट कमी पडलं तर करंट वरच्या मर्यादेला पोचतच नाही आणि स्विच कायम चालू राहतो. मग बॅटरीला एलईडी थेट रेझिस्टरमधून जोडल्यासारखंच झालं.

सगळे दिवे चालू ठेवून तीन ठिकाणी व्होल्टेज मोजा: आयसीच्या व्हीआयएन (इनपुट) पिनवर, सेन्स रेझिस्टरच्या दोन टोकांत, आणि एसडब्ल्यू (आतल्या स्विचची) पिन ते ग्राउंड. शेवटचं रीडिंग पाव व्होल्टच्या आत आलं तर स्विचिंग थांबलंय हे नक्की. बॅटरीपासून वायर किती लांब आणि किती जाड आहे तेही सांगा.

धागाकर्ता
मोजलं. व्हीआयएनवर ९.८५ व्होल्ट, सेन्स रेझिस्टरवर ५७ मिलीव्होल्ट, एसडब्ल्यूवर ०.२३. बॅटरी दुसऱ्या खोलीत आहे. तिथून १२ मीटर वायर येते, अर्ध्या स्क्वेअर एमएमची, चारही दिव्यांना मिळून एकच.

प्रतिसाद १
मग हिशोब जुळतो. जाऊन-येऊन २४ मीटर, म्हणजे ०.८ ओहमच्या थोडं वर. त्यातून दीड अँप गेले की सव्वा व्होल्ट वायरमध्येच गेला. १एन४००७ अजून ०.८ खातो. तीन एलईडींना पूर्ण करंटवर दहा व्होल्टच्या आसपास लागतात, शिवाय आयसीतला स्विच आणि कॉइलचा रेझिस्टन्स यांच्यासाठी पाऊण व्होल्ट हवा. घरी अ‍ॅडॉप्टरवर एकच दिवा आणि छोटी वायर होती, म्हणून निभावलं.

नुसती वायर जाड करून आणि १एन४००७च्या जागी शॉटकी (कमी व्होल्टेज खाणारा डायोड) लावून बराच फरक पडेल, पण बॅटरी साडेअकराला उतरली की पुन्हा हीच रड. पीटी४११५ हा बक, म्हणजे व्होल्टेज फक्त उतरवणारा ड्रायव्हर आहे, तो व्होल्टेज वाढवू शकत नाही. माझं ऐकाल तर दिव्यात दोनच एलईडी ठेवा. तेवढ्याला साडेसात व्होल्टही पुरतात. बॅटरीतून दिव्यामागे ३८०ऐवजी ५०० मिलीअँपच्या आसपास जातील, हे मात्र बॅकअपच्या हिशोबात धरा.

धागाकर्ता
एका दिव्यातला एक एलईडी काढून पाहिला. सेन्स रेझिस्टरवर १०० मिलीव्होल्ट आले आणि उजेड रात्री उशिरापर्यंत तसाच राहिला! मनापासून आभार. आता बाकीचे तीन दिवेही असेच केले की चार एलईडी उरतात, त्यात आणखी दोन टेबलं होतील; दोन ड्रायव्हर नवे घेईन. सहा दिव्यांचे तीन अँप १.५ स्क्वेअर एमएमच्या एकाच वायरवर चालतील ना?

प्रतिसाद १
चालतील. वायरमधला ड्रॉप ०.८ व्होल्टच्या आसपास राहील, दोन एलईडींना अडचण नाही. बॅटरीच्या टर्मिनलजवळ ५ अँपचा फ्यूज मात्र आठवणीने टाका.