सल्ला हवा आहे: 'गोफण' वर्गाच्या युद्धनौकेत पक्कं काय ठेवू, बदलतं काय?

नमस्कार. अंतराळातल्या एका लांबलेल्या युद्धावर कादंबरी लिहिते आहे. त्यातल्या मुख्य नौका 'गोफण' वर्गाच्या: २४० मीटरचा कणा आणि दोन्ही अंगांना मिळून सहा खण. खणात क्षेपणास्त्रं बसवली की ती मारा करणारी नौका, रुग्णालय बसवलं की मदतनौका, ड्रोन बसवले की सुरुंग वेचणारी. अणुभट्टी आणि इंजिनं कण्यात.

अडचण अशी की लिहिता लिहिता ही नौका फारच समर्थ होत चालली आहे. संकट आलं की हवं ते मॉड्यूल हजर, मग वाचकाला धाकधूक वाटणार कशाची? मॉड्यूल कुठे आणि किती वेळात बदलता यावीत? प्रत्यक्षात कुणी असं करून पाहिलं आहे का? मोकळेपणाने सुचवा.

प्रतिसाद १

समुद्रावर केलं आहे. डेन्मार्कच्या नौदलाने ऐंशीच्या दशकात 'स्टॅनफ्लेक्स' पद्धत आणली. ठरावीक मापाच्या पेटीत तोफ, क्षेपणास्त्रं किंवा क्रेन बसवायची आणि ती पेटी नौकेच्या खाचेत उतरवायची. पेटी साधारण ३ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद. धक्क्यावरच्या क्रेनने अर्ध्या तासात बदलता येते, पुढे जुळणी आणि चाचण्यांना काही तास. फ्लुवेफिस्कन वर्गाच्या १४ नौका अशा बांधल्या आणि त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारच्या जुन्या नौकांची जागा घेतली.

अमेरिकेच्या एलसीएस (किनाऱ्याजवळच्या लढाईसाठी बांधलेल्या) नौकांचा अनुभव मात्र वेगळा. कामाप्रमाणे मॉड्यूल बदलायची हीच मूळ कल्पना होती, पण २०१६ मध्ये त्यांनी ठरवलं की एका नौकेला एकच काम द्यायचं आणि त्या कामाचा खलाशीवर्ग कायम ठेवायचा. तुमच्या कादंबरीसाठी मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. पेटी अर्ध्या तासात बदलते, पण सुरुंग शोधणाऱ्या माणसाचा हात अर्ध्या तासात शल्यविशारदाचा होत नाही. म्हणून मॉड्यूलबरोबर त्याची माणसंही चढू-उतरू द्या. आठ महिने एकत्र जेवलेली मंडळी एका बंदरात उतरतात आणि त्यांच्या बंकांवर अनोळखी लोक झोपतात. यात एक अख्खं प्रकरण आहे.

प्रतिसाद २

उष्णतेचा विचार केला आहे का? निर्वातात उष्णता सतत बाहेर टाकत राहायचा एकच मार्ग, प्रारण, म्हणजे ती किरणांच्या रूपात सोडणं. १००० केल्विनला तापलेला आदर्श काळा पृष्ठभाग चौरस मीटरमागे सुमारे ५७ किलोवॅट टाकतो. लेझरच्या मॉड्यूलमधून २०० मेगावॅट वाया जाणारी उष्णता निघत असेल, तर साडेतीन हजार चौरस मीटर पंख लागतील. दोन लेझरना पुरतील एवढेच पंख ठेवा आणि ते कण्यालाच पक्के करा. म्हणजे सहाही खणांत लेझर बसवता येतील, पण एका वेळी दोनच चालवता येतील. तुमच्या नौकेला आपोआप मर्यादा आली आणि कप्तानाला दर वेळी निवड करावी लागली.

धागाकर्ती

पंखांचं मनापासून पटलं, आजच लिहून ठेवते. लढाई चालू असताना मॉड्यूल बदलणं अजिबातच नको का? एक प्रसंग डोक्यात घोळतो आहे.

प्रतिसाद ३

नकोच, आणि त्याला कारण आहे. सांध्याकडे बघा. १० मीटर व्यासाचं ॲल्युमिनियमचं कडं धरा. साठवणतळाच्या सावलीत गार पडलेलं मॉड्यूल आणि उन्हात तापलेला कणा यांच्यात १०० अंशांचा फरक असला, तर दोन कड्यांच्या व्यासात सुमारे २३ मिलीमीटरचा फरक पडतो. बोल्ट भोकात जाणारच नाही. आधी तापमान जुळायची वाट बघा, मग बोल्ट, मग हवेची गळती तपासणी, मग वीज आणि शीतनलिका. अंतराळवीर हातमोज्यातला अंगठा कड्याच्या फटीवरून फिरवतो आहे आणि फट अजून मिटलेली नाही, असा प्रसंग लिहा. धाकधूक तिथेच आहे.

वस्तुमानकेंद्राचंही बघा. एका अंगाला भरलेलं शस्त्रागार आणि दुसऱ्या अंगाला निम्मं रिकामं रुग्णालय असेल, तर इंजिनाचा जोर केंद्रातून जाणार नाही आणि नौका गिरकी घेईल. अपोलोच्या सेवायानाचं मुख्य इंजिन याचसाठी थोडं वळवता यायचं, पण वळायलाही हद्द असते. क्षेपणास्त्रं सोडताना दोन्ही अंगांची जोडीने सोडावी लागतील.

प्रतिसाद १

+१, सांध्याचा मुद्दा फारच छान. माझं मत: बदल फक्त तळावर, दोन दिवसांचं काम. तळ सोडताना जे निवडलं त्यावरच मोहीम निभवायची.

धागाकर्ती

ठरलं. खण सहाच, पंख कण्याला, बदल फक्त तळावर, माणसं मॉड्यूलबरोबर. तिसरं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं आहे: फुटलेल्या वसाहतीतून मदतीची हाक येते तेव्हा 'गोफण'च्या सहाही खणांत क्षेपणास्त्रं आहेत आणि रुग्णालय अकरा दिवस मागे तळावर राहिलं आहे. कप्तान दोन्ही अंगांची एकेक जोडी रिकामी करायला सांगते, जखमींना निजवायला.