पाणी ठेवलं, बी हॉटेल (मधमाश्यांसाठी नळ्यांचं घर) टांगलं, तरी बाग रिकामीच. कुठे चुकतंय?

कुंडीवाला: साधारण 20 बाय 20 फुटांची जागा. अर्ध्या भागात हिरवळ, कडेनं कुंपणाची एकाच जातीची झुडपं आणि तीसेक कुंड्या. फुलझाडं भरपूर, बहुतेक दुहेरी पाकळ्यांची. पक्ष्यांसाठी मातीचं खोल भांडं, भिंतीवर बांबूच्या नळ्यांचं विकतचं बी हॉटेल. मावा पडतो म्हणून दर आठवड्याला कडुनिंबाच्या तेलाची फवारणी, पाचोळा रोज झाडतो. पक्षी भांड्याच्या काठावर टेकतात आणि उडून जातात, नळ्यांत कोळ्यांची जाळी, फुलपाखरं येऊन जातात पण अळी एकही नाही. छोटं तळं करायचंय, डासांची धास्ती वाटते. सुरुवात कुठून करू?

पानोपानी: आधी फवारणी बंद. कडुनिंबाच्या तेलातला अझाडिरॅक्टिन हा घटक अळीची भूक मारतो आणि तिला कात टाकू देत नाही. समोर मावा आहे की फुलपाखराची अळी, हे त्याला कळत नाही. 'सेंद्रिय' म्हणून विकली जाणारी बीटी (एका जिवाणूपासून केलेली) पावडरही तशीच, पान खाणारी कुठलीही अळी मारते. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं पाडा, दोन-तीन दिवसांआड. मावा खाणारी लेडीबर्ड आणि तिच्या अळ्या माव्याच्या मागोमाग येतात, आधी नाही. तोवर काही शेंडे वाकडेतिकडे दिसतील, ते सोसावं लागतं.

पिल्लांना बहुतेक छोटे पक्षी किडेच भरवतात, अगदी दाणे खाणारेसुद्धा. म्हणजे अळ्या नाहीत तर पिल्लं नाहीत. फुलपाखरू मध कुठल्याही फुलाचा पिईल, पण अंडी ठरावीक झाडांवरच घालतं. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर स्वॅलोटेल गटातली काही, रुईच्या कुळातल्यांवर टायगर गटातली. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर झटकू नका, बहुतेक वेळा ती लहान अळीच असते. पानं कुरतडलेली दिसणार, त्यासाठीच झाड लावायचं आहे.

दुहेरी फुलांत पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे पराग नाममात्र आणि मधापर्यंत वाटही बंद. एकेरी फुलांची, तुमच्या भागात आपोआप उगवणारी झाडं निवडा. एकाच जातीची 3 ते 5 एकत्र लावा, कारण मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच प्रकारच्या फुलांवर फिरते. विकत आणलेल्या रोपावर आधीच कीटकनाशक मारलेलं असू शकतं, ते विचारून घ्या.

सुतारकाम: बी हॉटेलबद्दल. विकतची बरीचशी शोभेचीच असतात. नळी दोन्हीकडून उघडी असेल तर एकेकटी राहणारी मधमाशी त्यात घर करत नाही, मागची बाजू बंद हवी. एका टोकाला सांधा राखून कापलेला बांबू आयता बंद मिळतो. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या नळ्या नकोत, आत घाम धरतो आणि अंड्यांना बुरशी लागते.

स्वतः करायचं तर रंग-पॉलिश न केलेला टणक, वाळलेला ओंडका घ्या. भोकं 3 ते 10 मिमी व्यासाची, 10 ते 15 सेंमी खोल, आरपार नाहीत. ड्रिल रेषांना आडवं, म्हणजे सालीच्या बाजूनं मारा. कापलेल्या तोंडावर मारलं की लाकूड तडकतं आणि फटींतून परजीवी शिरतात. तोंडाशी पॉलिश पेपर फिरवा, कूस राहिली तर पंख फाटतात. खोलीला महत्त्व आहे: माशी मादीची अंडी आत घालते, नराची तोंडाशी. आखूड भोकात नरच जास्त निपजतात.

सकाळचं ऊन, वर छप्पर, जमिनीपासून निदान मीटरभर उंच. टांगू नका, घट्ट ठोका. झुलणारं घर कोणी घेत नाही. दोन वर्षांनी नवा ओंडका, जुन्यात माइट (बारीक कोळीवर्गीय जीव) साठतात. बाकी, एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या बहुतेक जाती जमिनीतच बिळं करतात. उन्हातली हातभर उघडी, न खणलेली माती ठेवलीत तर हॉटेलपेक्षा जास्त पाहुणे येतील.

ओलकोपरा: पक्ष्यांच्या भांड्यात पाणी 2 ते 5 सेंमी, त्याहून खोल नको. तळ खरखरीत हवा, गुळगुळीत असेल तर मध्ये एक चपटा दगड टाका. झुडपापासून दीड-दोन मीटरवर ठेवा: पक्ष्याला पळता येतं, मांजराला दबा धरता येत नाही. दर दोन दिवसांनी ब्रशनं घासून पाणी बदला, साबण नको. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात, तेव्हा एवढ्यात साखळी तुटते.

तळ्यासाठी निदान 60 सेंमी रुंद आणि 30 सेंमी खोल टब, अर्धा दिवस ऊन. पावसाचं पाणी सर्वांत चांगलं. नळाचं असेल तर क्लोरीन उडण्यासाठी दिवसभर उघड्यावर ठेवा. तळाशी जाड वाळू, बागेची खतावलेली माती नको, नाहीतर शेवाळ माजतं. निम्मा पृष्ठभाग पाणवनस्पतींनी झाकलेला हवा. एका कडेला विटांची किंवा खरखरीत फळीची उतरंड हवीच, नाहीतर बेडूक आणि सरडे बुडून मरतात. घरात लहान मूल असेल तर वर मजबूत जाळी.

डासांसाठी गप्पी मासे सोडू नका, ते बेडकांची पिल्लंही खातात. डासांच्या अळ्या खाणाऱ्या चतुराच्या अळ्या येईपर्यंत 'बीटीआय' गोळी चालेल. पानोपानी यांनी म्हटलेली बीटी वेगळी. ही मुख्यतः डासांच्या अळ्यांवर काम करते. दुसऱ्या तळ्यातून बेडूकमासे आणणं टाळा, त्यांच्याबरोबर रोग येतो. पाणी असेल तर बेडूक स्वतः शोधत येतात.

कुंडीवाला: फवारणी आजपासून बंद. पण पाचोळा ठेवला तर साप?

पानोपानी: साप मुख्यतः उंदरांमागे येतो. सांडलेले दाणे आणि उघडा कचरा आधी आवरा. उंदरांचं विष मात्र नको, मेलेला उंदीर खाऊन घुबडही मरतं. पाचोळा दारापासून लांबच्या कोपऱ्यात, 10 सेंमी थरात पसरा, कोश त्यातच असतात. हलवायचा झाल्यास काठीनं, हातानं नाही. आणि त्या कोपऱ्यावर रात्रभर दिवा पडत असेल तर तो बंद करा.