संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे ‘धडे’ लिहिणं बंद करायचं का? (बर्डीवाला यांच्या पोस्टला उत्तर)

वर्धा रोड

परवा बर्डीवाला यांनी गटात जे लिहिलं त्याला दोन ओळींत उत्तर देता येणार नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांनी ती पोस्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी सार: “1994 मध्ये रवांडात, 1995 मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात शांतिसेना असताना नरसंहार झाला. दोन्हींचे जाडजूड अहवाल 1999 मध्ये आले, 2000 मध्ये शांतिसेनेच्या सुधारणांवरचा ब्राहिमी अहवाल आला. तरी 2012 मध्ये काँगोतलं गोमा शहर बंडखोरांच्या हाती पडलं आणि 2025 च्या जानेवारीत पुन्हा पडलं. लेसन्स लर्न्ड, म्हणजे अनुभवातून घेतलेले धडे, हा नुसता कागदाचा डोंगर. लिहिणं बंद करा, अनुभवी माणसं पुन्हा पाठवा.”

दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. रवांडातल्या शांतिसेनेच्या कमांडरची 11 जानेवारी 1994 ची तार न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात, पोचली होती. शस्त्रसाठ्याची माहिती होती, इशारा होता, धाड टाकायची तयारीही होती. वरून नाही म्हटलं गेलं. तिथे ज्ञान कमी पडलं नाही, निर्णय कमी पडला. गोम्याचंही बरंचसं तसंच आहे. राजकारणात हरलेली लढाई हँडओव्हर नोटच्या (जाणारी तुकडी येणाऱ्या तुकडीसाठी ठेवते त्या टिपणाच्या) माथी मारू नका.

ज्ञान कमी पडलं म्हणजे काय ते हैतीत दिसतं. ऑक्टोबर 2010, मिरबालेचा शांतिसेनेचा तळ. मैलापाण्याची पाइपजोडणी सदोष, टँकरने उपसलेला मैला उघड्या खड्ड्यात, आणि खड्ड्याजवळून वाहणारं पाणी पुढे आर्तिबोनित नदीला मिळणारं. आठ लाखांच्या आसपास लोकांना कॉलरा झाला, दहा हजारांच्या घरात माणसं गेली. तळाचं सांडपाणी कुठे जातं हा प्रश्न हँडओव्हरच्या यादीत ‘प्लंबिंग: ठीक’ एवढ्यावर मिटत असेल तर यादीच चुकलेली आहे. तिथे हवं असं: टाकी किती लिटरची, किती दिवसांत भरते, उपसा कोण करतो, टँकर नेमका कुठे रिकामा होतो, आणि महिन्यातून एकदा टँकरच्या मागे आपली गाडी लावून ते कोण पाहून येतं. पाच ओळी आहेत. त्या लिहायच्या बंद करायच्या?

बर्डीवाला

माझं म्हणणं अर्धंच उचललंत. ‘लिहू नका’ म्हणजे निरक्षर व्हा असं नाही. बारा महिन्यांची नेमणूक असते. पहिले तीन महिने माणूस भाग समजून घेतो, शेवटचे दोन कंटेनरच्या याद्या आणि सामान बांधण्यात जातात. हँडओव्हर नोट याच दोन महिन्यांत लिहिली जाते, तीही बहुतेक वेळा मागच्या वर्षीच्या फाइलवर तारीख बदलून. असा कागद खोटा विश्वास देतो. कागद नसता तर नवा अधिकारी निदान विचारत तरी फिरला असता.

आणि तुमच्या उदाहरणापेक्षा जवळचं उदाहरण घ्या, त्यात आपलीही बटालियन होती. फेब्रुवारी 2016, दक्षिण सुदानमधलं मलकाल. तळाच्या आश्रयाला आलेले लोक मारले गेले. हुकूम कोणाचा आणि बळ कधी वापरायचं यावर गोंधळ. चौकशीचं सार समोर यायला जून उजाडला. जुलैत राजधानी जुबा पेटलं. तिथे चीन, इथिओपिया, भारत आणि नेपाळ अशा चार तुकड्यांना परस्परविरोधी हुकूम मिळाले, हे संयुक्त राष्ट्रांसाठी जनरल कॅमार्ट यांनी केलेल्या चौकशीत स्पष्ट म्हटलंय. तोच देश, तीच मोहीम, मध्ये पाच महिने. 1995 पासून न्यूयॉर्कात धड्यांसाठी वेगळा विभाग आहे. काय उपयोग झाला?

हिंगणा रोड

राजेहो, मोहिमेत एकच नोंद कधी चुकत नाही, ती म्हणजे सीओईची, तुकडीने आपल्या देशातून आणलेल्या सामानाची. तुकडी पोचली की आगमन तपासणी, दर तिमाहीला तपासणी, जाताना परतीची तपासणी. कोणतं जनरेटर बंद, कोणत्या एपीसीला (चिलखती गाडीला) टायर नाही, सगळं लिहिलेलं. काऊन? कारण त्यावर देशाला मिळणारा परतावा कापला जातो. पाण्याचा प्लांट बंद आहे हे निरीक्षकाला कळतं, पण त्या प्लांटचं फिल्टर पावसाळ्यात गाळाने दर किती दिवसांनी तुंबतं, हे पुढच्या तुकडीला कळत नाही. कारण त्याचा एक डॉलरही कापला जात नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. हँडओव्हर नोट नसेल तर परतीच्या तपासणीवर सही देऊ नका. मग बघा लिहितात की नाही.

बर्डीवाला

आणि मग सगळे सही मिळण्यापुरतं लिहितील. गस्तींचं काय झालं ते आठवा. सिटरेपमध्ये (परिस्थिती अहवालात) गस्तींचा आकडा मागितला, तर आकडा वाढला. कॅमार्टच्याच चौकशीत चिलखती गाडीच्या इवल्या खिडक्यांतून बाहेर डोकावत केलेल्या गस्तींवर ताशेरे आहेत. गाडी फिरून आली की गस्त झाली. सक्तीने आकडा मिळतो, धडा मिळत नाही.

वर्धा रोड

हे मान्य करावं लागेल, हिंगणा रोड यांचा सक्तीचा मुद्दा मलाही पटलेला नाही. पण म्हणून उपाय ‘माणसं पुन्हा पाठवा’ हा नाही. बटालियन बदलते, एका भागात गेलेला अधिकारी त्याच भागात परत जाईल याची खात्री कोण देणार?

उपाय रोजच्या कामात आहे. गस्त परत आली की जेवायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं बसा. काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या खेपेला काय बदलायचं. सगळ्यात कनिष्ठ जवान आधी बोलेल, कमांडर सगळ्यात शेवटी. कमांडर आधी बोलला की बाकीचे मान डोलावतात आणि एएआर, म्हणजे कामानंतरचा हा आढावा, तिथेच मरतो. निघालेल्या गोष्टी त्याच रात्री चौकीच्या वहीत जातात. वर्षभर ही वही भरली तर शेवटच्या महिन्यात काही ‘लिहायचं’ राहतच नाही, फक्त निवडायचं.

ओळ कशी लिहायची यावरही भांडायला तयार आहे. ‘पावसात रस्ता खराब होतो’ ही ओळ कुणाच्याच कामाची नाही. समजा, अशी लिहिली: ‘तिसऱ्या ओढ्यावरचा लाकडी पूल. भरलेला टँकर नेऊ नका, रिकामा चालतो. जोराच्या पावसानंतर दोन दिवस एपीसी बंद. वळसा डावीकडच्या मक्याच्या शेतातून आहे, पण आधी शेतमालकाला विचारा. एकदा न विचारता पीक तुडवलं, तर गावाने बोलणं सोडलं.’ नवा प्लाटून कमांडर ही ओळ वाचतो, कारण हिच्यामुळे त्याची गाडी वाचते.

धंतोली ताई

इतका वेळ वाचते आहे आणि ज्याच्याकडे खरी माहिती आहे त्याचं नावच कुणी काढलं नाही. तुमच्या ओळीत ‘गावाने बोलणं सोडलं’ आहे ना? ते तुम्हाला कळलं कुणाकडून? सीएलएकडून, म्हणजे गावाशी संपर्क ठेवणाऱ्या स्थानिक सहाय्यकाकडून. काँगोत 2010 च्या सुमारास चौक्यांवर हे स्थानिक लोक नेमले गेले. बटालियन दरवर्षी बदलते, सीएलए तिथेच असतो. फ्रेंच येते, स्वाहिली येते, कोणता म्होरक्या कुणाचा मेहुणा हे माहीत असतं. आपल्या पोरांना यातलं काही येत नाही आणि ते येतं असं दाखवण्यात सहा महिने जातात.

एएआरला सीएलए बसतो का? बहुतेक नाही. सिटरेपमध्ये त्याचं म्हणणं ‘स्थानिक सूत्रांनुसार’ या दोन शब्दांत संपतं. मग मोहीम तो जिल्हा सोडते, त्याचं कंत्राट संपतं आणि दहा-बारा बटालियनची आठवण त्याच्याबरोबर घरी जाते. मोनुस्को, म्हणजे काँगोतली संयुक्त राष्ट्रांची मोहीम, 2024 च्या जूनपर्यंत दक्षिण किवू प्रांतातून बाहेर पडली. फेब्रुवारीत कामान्योलाचा तळ काँगोच्या पोलिसांकडे दिला. भिंती, कंटेनर, जनरेटर यांची यादी झालीच असणार, हिंगणा रोड म्हणतात तशी. सीएलएच्या डोक्यातल्या यादीचं काय?

हिंगणा रोड

ताई, एकदम बरोबर. यावर उपाय सोपा आहे. एक एक्सेल शीट: गाव, प्रमुखाचं नाव, फोन, कुणाशी वैर, कोण माहिती देतो, कोण दुसऱ्या बाजूला मिळालेला. सीएलएने भरायची, बटालियनने दर महिन्याला अद्ययावत करायची, आणि सरळ जेमॅकला, मोहिमेच्या माहिती-विश्लेषण कक्षाला, द्यायची.

धंतोली ताई

नाही! असं काही करू नका, हात जोडते. ‘कोण माहिती देतो’ हा रकाना म्हणजे मारायच्या माणसांची यादी आहे. गोमा पडलं तेव्हा गावागावांतल्या चौक्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. एक लॅपटॉप मागे राहिला, एक पेनड्राइव्ह कुणाच्या खिशात राहिला, की त्या रकान्यातला प्रत्येक माणूस संपला. तुमचा ज्ञानसंग्रह त्याच्या जिवावर उभा राहतो.

हिंगणा रोड

म्हणजे आधी तुम्हीच म्हणायचं की सीएलएची माहिती वाया जाते, आणि लिहून घेऊ म्हटलं तर तुम्हीच ओरडायचं. नक्की काय पाह्यजे ते एकदा ठरवा.

धंतोली ताई

ठरवलेलं आहे, नीट वाचा. माणूस लिहायचा नाही, जागा आणि पद्धत लिहायची. ‘अमुक शिक्षक सांगतो’ नाही. ‘बाजाराच्या आदल्या संध्याकाळी शाळेजवळ गेलं तर बोलणारं कुणीतरी भेटतं’ एवढंच. नावांच्या जागी सांकेतिक क्रमांक, आणि क्रमांकाची किल्ली चौकीवर नाही, वरच्या मुख्यालयात. चौकी सोडायची वेळ आली तर आधी काय नष्ट करायचं त्याचा क्रम भिंतीवर लावलेला हवा. तो क्रम ठरलेला नसतो म्हणून लोक दारूगोळा मोजत बसतात आणि वह्या टेबलावर राहतात.

दुसरं, फोन. गावांच्या इशारा जाळ्यात संपर्काच्या माणसाला फोन आणि रिचार्ज देतात. टॉवर नसेल तिथे एचएफ रेडिओ सेट. चार्जिंगची सोय नसेल तर फोन दिवसातले बरेच तास बंद, म्हणून सौर पॅनेल सोबत द्या. पण जाळं बहुतेक वेळा तुटतं ते दुसऱ्याच टोकाला. जुनी बटालियन गेली, ड्यूटी फोनचं सिम बंद झालं, गावाकडे जुनाच नंबर. रात्री हल्ला होतो, माणूस फोन करतो, रिंग जात नाही. सिम तुकडीचं नको, चौकीचं हवं. तुकडी येवो-जावो, नंबर तोच. या एका ओळीइतका मोलाचा धडा तुमच्या सगळ्या नोटांत नाही.

बर्डीवाला

ताई, हेच तर मी परवापासून सांगतोय! ज्ञान माणसात असतं. सीएलए टिकवा, कंत्राटं लांबवा, कागदाचा पसारा आवरा.

धंतोली ताई

नाही, तुम्ही ‘आपली’ अनुभवी माणसं परत पाठवा म्हणत होतात. मी म्हणते आहे की तिथली माणसं ओळखा. हे एक नाही. आणि तिथला माणूसही शंभर टक्के धरायचा नाही. त्याचीही जमात असते, त्याचेही शत्रू असतात. एकाच सीएलएवर चालणारी चौकी एका कुटुंबाच्या डोळ्यांनी जिल्हा बघते. दोन जमातींचे दोन सीएलए हवेत आणि शक्य असेल तिथे एक बाई हवी. विहिरीवर काय बोललं जातं ते पुरुषांपर्यंत पोचत नाही.

वर्धा रोड

धागा मूळ प्रश्नावरून पार घसरला आहे, पण घसरला ते बरं झालं असं म्हणावं लागेल. माझ्या मक्याच्या शेताच्या ओळीत शेतमालकाचं नाव लिहायचा मोह मलाही झाला असता. ते चुकलं असतं.

बर्डीवाला, जुब्याच्या बाबतीत एक विचारतो, रागावू नका. मलकालचा गोंधळ हुकूम आणि बळाच्या वापरावर होता. त्यावरचा धडा चौकशी संपेपर्यंत थांबायला हवाच होता का? हिंदीतलं एक पानाचं खिशातलं कार्ड: फाटकावर शस्त्रधारी माणूस आला तर काय, आश्रितांवर गोळीबार झाला तर काय, वरून हुकूम आला नाही तर कुणाच्या अधिकारात काय. ते आठवड्यात छापून होतं. चौकशी जबाबदारी ठरवायला असते, कार्ड जवानाच्या हातात द्यायला असतं. आपण दोन्ही एकाच फाइलमध्ये अडकवतो.

बर्डीवाला

कार्डाचं पटतं. ते ‘ज्ञान व्यवस्थापन’ आहे असं मी म्हणणार नाही, पण पटतं. मात्र कार्ड छापून भागत नाही. त्यावर फाटकाशी सराव हवा, रात्री, वीज घालवून, दुभाषाला सोबत घेऊन. सराव केला की कार्डात काय चुकलंय ते पहिल्याच रात्री कळतं. बहुतेक वेळा ‘वरच्या अधिकाऱ्याची परवानगी घ्या’ ही ओळच अडते, कारण रेडिओवर उत्तर येईपर्यंत माणूस फाटकाच्या आत आलेला असतो.

आणि माझा मूळ मुद्दा मी सोडलेला नाही. रवांडासारख्या ठिकाणी एका ओळीनेही काही बदललं नसतं.

वर्धा रोड

तिथे नाही बदललं, हे मी पहिल्याच पोस्टमध्ये म्हटलं आहे.

हिंगणा रोड

माझी एक्सेल शीट मागे घेतो. नावाचा रकाना काढला. पण ताई, एक सांगा, सांकेतिक क्रमांकाची किल्ली वरच्या मुख्यालयात ठेवली आणि मुख्यालयच गोम्यात असेल तर?

धंतोली ताई

मग ती किल्ली गोम्यात ठेवायची नाही. राजधानी किन्शासात ठेवा. आणि वर्षातून एकदा, बटालियन बदलण्याच्या आधी, सीएलएला सोबत घेऊन ती तपासा: कोण मेलं, कोण गाव सोडून गेलं, कुणी पुन्हा फोन करू नका म्हटलंय. ज्याने नको म्हटलंय त्याचा क्रमांक त्याच दिवशी खोडायचा.

हिंगणा रोड

हे वहीत उतरवून घेतो. तपासणीची तारीख परतीच्या सीओई तपासणीच्या आठवड्यातच ठेवू या, तेव्हा सगळे जागेवर असतात.