मदत हवी आहे: दोन फेज, एकच न्यूट्रल, आरसीसीबी टिकत नाही

आर्वी तालुक्यातलं घर, थ्री फेज मीटर. कूलरचं सर्किट आर फेजवर, किचनचं वाय फेजवर, पण न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) दोघांत एकच, २.५ स्क्वेअर एमएमचा. दोन्हींना वेगवेगळे ३० मिलीअँपिअरचे टू पोल आरसीसीबी (जाणारा-येणारा करंट जुळला नाही की वीज तोडणारे स्विच; टू पोल म्हणजे एक फेज अन् न्यूट्रल) लावले, तर लोड येताच ट्रिप. कारण कळतंय: एकाचा करंट दुसऱ्याच्या न्यूट्रलमधून परततो. "आरसीसीबी काढून टाका" हा सल्ला कृपया नको. दोन्ही एकाच फेजवर आणणंही नको, न्यूट्रलवर दोघांची बेरीज पडेल.

मग फोर पोलचा (तिन्ही फेज अन् न्यूट्रल) एकच आरसीसीबी अन् सोबत बंद होणारे जोड एमसीबी (जादा करंटला पडणारे स्विच) लावावे? त्यात एक फेज रिकामा राहिला तर टेस्ट बटण चालतं का? की दुसरा न्यूट्रलच ओढावा? २० एमएमच्या पाइपात चार तारा आहेत, वळणं तीन.

अन् सामाईक न्यूट्रल सुटला तर हलक्या लोडवर ४०० व्होल्टच्या आसपास चढतं, म्हणून जंक्शन बॉक्समध्ये न्यूट्रलचा जोड कसा करता?