दुकानाचा कॉम्प्युटर पुण्यातून काहून उघडत नाही?

दादा (पुणे): बाबा, आजही कनेक्ट होत नाहीये. दुकानातलं नेट चालू आहे ना?

काकाजी: चालू हाय. आत्ताच बिल काढलं. बियाण्याचा साठा रजिस्टरात येगळा अन् कॉम्प्युटरात येगळा दाखवते, तेवढं पाहून दे बाप्पा. मृग तोंडावर आला. एकदा पेरणी सुरू झाली की मले मान वर कराले फुरसत नाही.

दादा (पुणे): ताई, आहेस का? माझ्याकडे कंपनीचा लॅपटॉप आहे, विंडोज ११ प्रो. रिमोट डेस्कटॉप (दूरचा कॉम्प्युटर इथून चालवायची विंडोजमधली सोय) उघडतो, दुकानातल्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकतो, जरा वेळ फिरतं आणि कनेक्ट होऊ शकत नाही म्हणतं. बाबांना राउटर बदलायला सांगू का?

ताई (नागपूर): राउटर बदलू नका, पैसे वाया जातील. काकाजी, कीबोर्डवर खाली डावीकडे खिडकीचं चिन्ह असलेलं बटण आहे. ते दाबून ठेवा अन् आर दाबा. छोटी चौकट उघडेल. त्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर अशी अक्षरं लिहून एंटर मारा. जे येईल त्याचा फोटो इथं टाका.

काकाजी: टाकला पाय. विंडोज ११, खाली होम सिंगल लँग्वेज.

ताई (नागपूर): मग इथंच उत्तर आहे. दादा, तुझ्या लॅपटॉपचा दोष नाही अन् काकाजींच्या नेटचाही नाही. ज्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरून शिरायचं आहे, त्यावर विंडोजचं प्रो, एंटरप्राइज किंवा एज्युकेशन एडिशन, म्हणजे तो प्रकार, असावा लागतो. होमवरून दुसऱ्याच्या प्रो मशीनवर जाता येतं, पण होमवर रिमोट डेस्कटॉपनं कोणालाच येता येत नाही. तुझ्याकडे प्रो असून उपयोग नाही, कारण तू जाणारा आहेस. दुकानात प्रो अन् तुझ्याकडे होम असतं तर एडिशनची अडचण आलीच नसती.

हे आजचं नाही. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं तेव्हाही प्रोफेशनलमध्ये ही सोय होती, होममध्ये नव्हती. विंडोज ७ च्या होम प्रीमियममध्येही नव्हती. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात रिमोट डेस्कटॉप उघडून पाहा, होम एडिशनला हे चालत नाही असं तिथं लिहूनच येते. लोक मात्र फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणारी राखण, बंद करत बसतात.

काकाजी: घेताना मी इचारलं होतं न. पोरगा पुण्याहून हिशेब पाहीन म्हटलं. इकणारा म्हने सगळं हाय याच्यात.

ताई (नागपूर): बिल काढायला, साठा ठेवायला होम पुरेसं आहे काकाजी, मशीन चांगलं आहे. पण तुम्ही इतकं स्पष्ट सांगितल्यावर त्यानं दोन एडिशनमधला फरक सांगायलाच पाहिजे होता. गावातल्या माणसाला विकताना हे कोणी सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

मामाजी (अमरावती): एवढं काय त्यात. आमच्या इथला पोरगा एक फाइल टाकून देते, होममधलंही रिमोट सुरू होते. फुकटात. मी पाठवतो त्याले.

ताई (नागपूर): मामाजी, कृपा करून नको. त्या फाइलनं विंडोजच्या आतल्या सेवेवर दुसरा प्रोग्राम चढवला जातो. मायक्रोसॉफ्टच्या लायसन्समध्ये ते बसत नाही. अपडेट आलं की बंद पडते. अँटिव्हायरस तिला पकडतो, म्हणून टाकणारा आधी अँटिव्हायरसच बंद करतो. त्या कॉम्प्युटरात गावातल्या लोकांची नावं, मोबाइल नंबर, कोणाची किती उधारी, सगळं आहे. ते काकाजींच्या भरवशावर दिलेलं आहे.

अन् तुमच्या जुन्या विंडोज ७ वर त्यानं राउटरमधून ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायचा दरवाजा, उघडून दिला होता ना? तो आजच बंद करायला सांगा. रिमोट डेस्कटॉपचा हा ठरलेला पोर्ट आहे अन् जगभरातून लोक तो उघडा आहे का ते तपासत असतात. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची चूक सापडली. विंडोज ७ मध्ये पासवर्ड न देताही त्यातून आत शिरता येत होतं. प्रकरण इतकं गंभीर होतं की कधीच बंद केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती काढली. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून नेहमीची अपडेटं बंद आहेत.

मामाजी (अमरावती): बरं. त्याले फोन लावतो.

दादा (पुणे): मग सरळ प्रो विकत घेऊ का? डेटा जाईल का बाबांचा?

ताई (नागपूर): डेटा जात नाही. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनला जाऊन होमचं प्रो करता येतं, प्रोग्राम अन् फाइली जागच्या जागी राहतात. पण तेवढ्यानं तुझं काम होणार नाही. काकाजींचं नेट मोबाइलच्या सिमवर आहे. मोबाइल कंपन्या बहुतेक वेळा कितीतरी ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरतात. म्हणून पुण्यातून थेट त्या मशीनपर्यंत पोचताच येत नाही, मग एडिशन कोणतंही असो. त्यासाठी व्हीपीएन, म्हणजे दोन्हीकडच्या मशीनमधला नेटवरचा खाजगी रस्ता, लावा, ते सांभाळा. शिवाय प्रोच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये तू आत आलास की दुकानातला स्क्रीन लॉक होतो. काउंटरवर गिऱ्हाईक उभं अन् काकाजींसमोर बंद पडदा.

काकाजी: ते नाही चालनार.

ताई (नागपूर): म्हणून विंडोजमधलंच क्विक असिस्ट वापरा, होमवरही चालते. कंट्रोल, खिडकीचं बटण अन् क्यू एकत्र दाबलं की उघडते. दादा, मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून मदत करणारा तू व्हायचं. तुला सहा अक्षरांचा कोड मिळेल, तो फोनवर बाबांना सांग. थोड्या वेळात तो बाद होतो, म्हणून दोघं आधी बसून घ्या. कोड टाकल्यावर बाबांनी परवानगी दिली की तुला स्क्रीन दिसेल. माउस चालवायची परवानगी येगळी मागावी लागते. मधे पडदा काळा झाला तर घाबरू नको, बाबांसमोर विंडोजचा 'होय की नाही' प्रश्न आलेला असतो, तो त्यांनीच दाबायचा. काम झालं की बाबांनी बंद करायचं.

दुकान बंद असताना रात्री पाहायचं असेल तर गूगलचं क्रोम रिमोट डेस्कटॉप आहे. तेही होमवर चालते, पोर्ट उघडावा लागत नाही. बाबांच्या मशीनवर एकदा सेट करून कमीत कमी सहा अंकी पिन ठेवायचा. मात्र कॉम्प्युटर झोपला की कोणीच आत येऊ शकत नाही, तर पॉवरच्या सेटिंग्जमध्ये स्लीप 'कधीच नाही' करा. लाईन जाऊन इन्व्हर्टर उतरला की मशीन बंदच, त्याला इलाज नाही. माझं मत विचाराल तर सध्या क्विक असिस्टच. समोर बाबा बसलेले असतात, काय चाललं ते त्यांना दिसतं.

काकू: म्हणजे कोड सांगितला की कोनीही शिरते का आत? परवा एक जन बँकेतून बोलतो म्हने, मोबाइलमधी ॲप टाका म्हने, त्याच्यावरचा नंबर सांगा. मी ठेऊन देल्ला फोन.

ताई (नागपूर): काकू, लय चांगलं केलं. तो असाच शिरणार होता. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं की एनीडेस्क हे दुरून स्क्रीन पाहायचं ॲप टाकायला लावून, त्यावरचा नऊ अंकी कोड विचारून लोकांचे पैसे काढले जातात. ते ॲप वाईट नाही, आम्ही ऑफिसात अशीच ॲप वापरतो. पण आपण स्वतः फोन लावून बोलावलेल्या घरच्या माणसाशिवाय कोणालाही कोड द्यायचा नाही. बँक, खतकंपनी, योजनेचं अनुदान, कोणाचंही नाव घेऊ दे. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत नंबरवर फोन करायचा, सकाळची वाट पाहायची नाही. आजीलाही हे सांगून ठेवा, तिच्या खात्यात पैसे येतात हे या चोरांना कळलेलं असते.

काकू: सांगतो तिले.

दादा (पुणे): बाबा, उद्या सकाळी सातला? मी स्वतः तुमच्या नंबरवर फोन करीन, माझा आवाज ऐकूनच कोड टाका. साठ्याची नोंद अन् रजिस्टर दोन्ही समोर ठेवा. अन् बिलिंगचा बॅकअप आज रात्री पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, मी काही बदलायच्या आधी तो पाहिजे.

काकाजी: घेतो. सातले बसतो मी. नऊच्या आत आटोप, नऊले माल उतराले ट्रक येते.