मदत हवी आहे : वाद दडपायचा नाही, मैत्रीणही गमवायची नाही

नमस्कार मैत्रिणींनो. पुण्यात आमचा बायकांचा छोटा अभ्यासगट आहे. दरवर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आम्ही पत्रक काढतो. यंदा विषय महिला आरक्षण. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीत लोकसभा-विधानसभेत स्त्रियांना एक तृतीयांश जागा आहेत. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांचा वाटा आहे, ओबीसी स्त्रियांचा वेगळा नाही.

आमच्यातल्या एकीने मसुद्यात ओबीसी वाट्याची मागणी पेनाने घातली. आमच्या ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "आधी बाई म्हणून एक होऊ, जातीचं नंतर बघू." ती काहीच बोलली नाही. पेनाला टोपण लावलं, कागद पुढे सरकवला आणि निघाली. तेव्हापासून ती आलेली नाही.

मला तिचंच म्हणणं पटतं. महापालिकेत ओबीसी स्त्रियांच्या राखीव जागा चालतात, मग विधानसभेत का नकोत? आणि हे 'नंतर' नेहमी त्याच बायकांच्या वाट्याला का येतं? पण ताईंनी हुंडाबळींविरुद्धच्या मोर्चांत उमेदीची वर्षं घातलीत. त्यांना जातीयवादी ठरवून मोकळं होणं मला जमणार नाही.

असा पेच तुमच्या गटात आला होता का? पत्रकात दोन्ही मतं नावानिशी छापावीत का? चर्चा चालवायला बाहेरचं कुणी बोलवावं का? आणि तिच्याकडे आधी कुणी जायचं, मी की ताईंनी स्वतः? मला वाटतं ताईंनीच, पण हे त्यांना सांगायचं कसं? रविवारी बैठक आहे, त्याआधी कळवलंत तर फार मदत होईल.