येझदी रोडकिंगला बाजारातले सायलेन्सर बसवले, पाच दिवसांत पिस्टन जाम

रोडकिंग_गेवराई (जि. बीड)

राम राम मंडळी. थोडं लांब लिहायलो, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही.

गाडी आमच्या अण्णांची. येझदी रोडकिंग मोटरसायकल, १९८६ ची, नंबर अजून जुन्या पद्धतीचाच. अण्णा जनावरांच्या दवाखान्यात होते. तलवाडा, उमापूर, चकलांबा, कुठंही गाय अडली की रात्री-बेरात्री याच गाडीवर निघायचे. २००९ पासून गाडी गोठ्याशेजारच्या खोलीत उभी होती. यंदा मी बाहेर काढली. कार्बोरेटर साफ केला, पॉइंट आणि कंडेन्सर नवे टाकले, टाकी आतून धुतली. दहाव्या-बाराव्या किकला धूर काढत सुरू झाली तेव्हा अख्खी गल्ली बघायला आली होती.

अडचण सायलेन्सरची, या गाडीला ते दोन असतात. डावा खालून सडून भोकं पडलेली. उजवा वरून बरा दिसतो, पण आत कोंदलेला. शहरातला एक दुकानदार म्हणाला, ओरिजनल आता मिळत नाही, ही जोडी घाला, आवाज पण भारी आणि पिकअप पण. जुन्यापेक्षा वीतभर आखूड, आत जाळीच नाही, आरपार उजेड दिसतो. मी घातली.

पहिल्या दिवसापासून खालचा जोर गेला. जिथं तिसऱ्यावर आरामात ओढायची तिथं दुसरा टाकावा लागायला. रेस सोडली की मागं फटाके. पाचव्या दिवशी भर एप्रिलच्या दुपारी बीडला निघालो होतो. पाडळशिंगीच्या पुढं साठच्या वेगात गाडी एकदम जड झाली आणि मागचं चाक घासत गेलं. क्लच दाबला म्हणून वाचलो. लिंबाखाली अर्धा तास थांबल्यावर किक खाली गेली, मग सावकाश घरी आणली.

पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली टूटी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल टाकतो, त्यात कधी चूक केली नाही. मग जाम होण्याचं कारण सायलेन्सर असू शकतं का? आणि आता दुसरी जोडी शोधू की जुनेच नीट करू? अण्णांचं वय ७६, नजर कमी झालीय. नवा आवाज ऐकून ते एवढंच म्हणाले, "ही माझी गाडी नाही." तेव्हापासून मला चैन नाही.

आरएक्स_नांदेड

भाऊ, सरळ एक्स्पान्शन चेंबर (मधे फुगलेला, दोन्हीकडं निमुळता सायलेन्सर) बनवून घ्या. माझ्या यामाहा आरएक्स १०० ला बसवलाय, मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या (आरपीएम) पुढं गाडी अशी सुटते की हँडल घट्ट धरावं लागतं. शीट कापून कोन वळवणारा कारागीर पाहिजे फक्त.

लेथवर_जालना

गेवराईकर भाऊ, आधी गाडी बंद ठेवा. "सुरू होतीय ना" म्हणून एक फेरीसुद्धा मारू नका. जाम होऊन सुटलेल्या पिस्टनचं ॲल्युमिनियम बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटलेलं असतं, पुढच्या वेळी ते रिंगसुद्धा मोडून नेईल.

आता सायलेन्सरचं. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे डोक्यातले व्हॉल्व्ह नसतात, पोर्ट म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली दारं उघडणं-झाकणं पिस्टनच करतो. खालून पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण वर येतं तेव्हा एक्झॉस्टचं दारही उघडंच असतं, म्हणून थोडं मिश्रण जळण्याआधीच बाहेर पळतं. सायलेन्सरची लांबी, पोटाची जाडी, आतली जाळी हे सगळं त्या पळालेल्या मिश्रणासाठी असतं. धुराचा दाब नळीत लाटेसारखा जातो, पुढं आपटून परत येतो आणि दार झाकायच्या आत मिश्रणाला मागं ढकलतो. लाट वेळेवर आली तर जोर, चुकली तर नुसता आवाज. तुमच्या आरपार नळीत लाट परत यायला अडसरच नाही, म्हणून खालचा जोर गेला.

नांदेडच्या दादांना राग येऊ नये, पण आरएक्सचा हिशोब येझदीला लागत नाही. आरएक्स १०० चं इंजिन ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, तीही ७५०० आरपीएमला. तिथं क्रँकची एक फेरी ८ मिलिसेकंदांत होते. रोडकिंग अडीचशे सीसीची, १६ अश्वशक्ती, आणि तिचा सगळा दम पाच हजारांच्या आत. ४५०० ला एक फेरी १३ मिलिसेकंदांची. लाटेला परत यायला इतका जास्त वेळ हवा म्हणजे नळी लांब हवी, आणि तुम्ही तर आखूड घातली. शिवाय आरएक्सला इनटेकवर रीड व्हॉल्व्ह (मिश्रण मागं जाऊ न देणारी पातळ पट्टीची झडप) आहे, येझदीला नाही.

जाम कशानं झाली? मोकळ्या नळीनं हवेचा ओढा बदलतो, कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट मात्र तोच राहतो, मिश्रण कोरडं पडतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी होतं, आणि डोकं तापतं. रोडकिंगमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच जातं, म्हणून पेट्रोल कमी गेलं की ऑइलही कमी. तुम्ही ४० मिली टाकलं तरी पिस्टनपर्यंत तेवढं पोचलंच नाही.

पण सगळा दोष सायलेन्सरवर टाकू नका, इथं घाई केली तर परत जाम होईल. एवढी वर्षं उभ्या गाडीचे क्रँकचे ऑइल सील लाकडासारखे कडक होतात. उजवीकडचा, डायनामोकडचा सील गेला की तिथून हवा शिरते आणि तुम्ही जेट बदलत बसता. डावीकडचा गेला तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढून पांढरा दाट धूर मारते, ते लगेच दिसतं. उजव्याचा पत्ता लागत नाही. रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नसेल, वरच रेंगाळत असेल, तर सील बघाच. पेट्रोलचा कॉक पण तपासा, जुन्या टाकीचा गंज जाळीत बसतो. रेस सोडल्यावरचे फटाके म्हणजे बेंडपाइपच्या (इंजिनातून सायलेन्सरकडं जाणाऱ्या वाकड्या नळीच्या) तोंडाशी हवा शिरायलीय.

१९९३ साली मी गॅरेजात हाताखाली होतो. एका गिऱ्हाइकाच्या राजदूतच्या जाळ्या त्याच्या हट्टापायी मीच काढून दिल्या. आठवड्यात पिस्टनच्या माथ्याला भोक. तो पिस्टन अजून माझ्या लेथच्या वरच्या फळीवर आहे, पोरांना दाखवायला.

तुमचे जुने सायलेन्सर टाकले नसतील तर तेच वाचवा. जाळ्या बाहेर काढा. नळीचं एक तोंड लाकडी खुंट्यानं बंद करून कॉस्टिक सोड्याचं पाणी रात्रभर भरून ठेवा, दहा लिटरला किलोभर. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा घालाच. ॲल्युमिनियमला हे पाणी लागू देऊ नका, खाऊन टाकतं. डाव्याचा सडलेला भाग कापून त्याच जाडीच्या पत्र्याचं ठिगळ गॅस वेल्डिंगनं लावा. तिथलं क्रोम जळेल, जळू द्या. लांबी आणि आतली जाळी बदलता कामा नये.

आरएक्स_नांदेड

राग कसला काका, हे मिलिसेकंदाचं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पण मग येझदीला चेंबर होतच नाही का?

लेथवर_जालना

होतो. चेंबरचं हे शास्त्र पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकलींच्या कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात बसवलं, आणि १९६१ मध्ये त्यांचा रायडर अर्न्स्ट डेगनर पळून सुझुकीकडे गेला तेव्हा ते जपानला पोचलं. गणित सगळ्या टू-स्ट्रोकला लागतं. पण येझदीला एका सिलिंडरला दोन एक्झॉस्ट, म्हणजे दोन चेंबर, पोर्टचे अंश मोजून काढलेले, वर जेटिंग नव्यानं. शर्यतीला ठीक. अण्णांच्या गाडीला कशाला?

अंबाजोगाईहून

एक भर घालतो. मोकळ्या सायलेन्सरचा आवाज कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स रद्द राहू शकतं. पंधरा वर्षांवरची गाडी आहे, नोंदणीचं नूतनीकरण करायला आरटीओत न्यावीच लागेल. तिथं त्या नळ्या घालून जाऊ नका.

रोडकिंग_गेवराई

काका, तुम्ही म्हणालात तसं सगळं उघडलं. पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूनं दोन्ही पोर्टसमोर उभे ओरखडे, बोअर करून वरच्या साइजचा पिस्टन बसवावा लागला. आणि उजवा सील तुमच्या शब्दात सांगायचं तर लाकूडच होता, नखानं दाबला तर तुकडा पडला. दोन्ही सील बदलले.

सायलेन्सर तीन रात्री सोड्यात होते. पहिल्या रात्रीनंतर जे काळं निघालं ते बघून आईनं मला अंगणाबाहेर काढलं. ठिगळ ओबडधोबड झालंय, पण खालून आहे, दिसत नाही.

एक विचारायचं राहिलं. बेंडपाइपचा तो पंखांचा नट हूक पान्यानं आवळतो, पण दहा-पंधरा किलोमीटरनं परत ढिल्ला होतो. आतली तांब्याची रिंग जुनीच आहे.

लेथवर_जालना

रिंग शेगडीवर लाल करा आणि पाण्यात बुडवा. तांबं मऊ पडतं, मग दाबून बसतं. नट थंडपणी एकदा आवळा, पहिल्या फेरीनंतर इंजिन गरम असतानाच परत आवळा. तरी फिरला तर सिलिंडरचे आटे गेलेत. बॅरल (सिलिंडर) घेऊन जालन्याला या, भरून परत आटे पाडून देतो. पहिले पाचशे किलोमीटर चाळीस-पंचेचाळीसच्या वर जाऊ नका. मग एकदा मोकळ्या रस्त्यावर किलोमीटरभर पूर्ण रेस देऊन क्लच दाबून लगेच चावी बंद करा आणि प्लग काढून बघा. चहाच्या रंगाचा असेल तर ठीक. पांढरा असेल तर मेन जेट एक नंबर मोठा.

रोडकिंग_गेवराई

पाचशे झाले काल. प्लग चहाच्या रंगाचा. शहागडच्या पुलापर्यंत जाऊन आलो, तिसऱ्यावर पहिल्यासारखी ओढायली.

दारात गाडी उभी करून बंद करायच्या आत अण्णा ओट्यावरून म्हणाले, "डावा नट ढिल्लाय बघ, चिरचिर करायलाय." मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पाना लावला तर अर्धा आटा फिरला.

काका, गुरुवारी बॅरल घेऊन येतो.